आडवा अकरालाच होतो, झोप तीनला लागते – भेदभाव, होस्टेल आणि झोप

केशरमाती | रवि., रात्री ९:१५

इथे बऱ्याच वर्षांपासून वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला फिजिक्स शिकवते. सकाळी आठच्या प्रॅक्टिकल बॅचमध्ये एक मुलगा आहे, सातपुड्यातला, पावरा या आदिवासी समाजाचा, आश्रमशाळेतून बारावी करून आलेला. हुशार आहे. पण दोन महिन्यांपासून व्हर्नियर हातात धरून डुलक्या घ्यायला लागला. मी दोनदा बोलले. तिसऱ्यांदा सगळ्या बॅचसमोर म्हणाले की रात्रभर मोबाईल बघायचा आणि इथे येऊन झोपायचं, घरच्यांनी यासाठी पाठवलंय का तुला. तो काही बोलला नाही. पोरं हसली. ते हसणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात जर्नल तपासायला तो एकटाच आला तेव्हा सहज विचारलं, किती वाजता झोपतोस रे. म्हणाला, "आडवा अकरालाच होतो मॅडम, झोप तीनला लागते." मग हळूहळू बोलला. तीन जणांची रूम. दिवसा त्याच्या बोलण्याची नक्कल करतात, नावाऐवजी 'कोटा' म्हणून हाक मारतात, बादली वेगळी ठेवायला लावलीय. पण रात्रीचं सगळ्यात वाईट. लाईट बंद झाले आणि हा झोपला असं वाटलं की बाकीचे दोघं त्याच्याबद्दल बोलतात. घरचे कसे राहत असतील, कपड्यांचा वास, पास होणार का, याच्यामुळे कुणाची सीट गेली. हा भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकत पडतो. "ते झोपले की मग मला झोप येते." आणि आता ते एखाद्या दिवशी काही बोलले नाहीत तरी तीन वाजतातच म्हणे.

दोन गोष्टी विचारायच्यात. दुजाभाव सोसणाऱ्या मुलांची झोप अशी जाते हे इथे कुणी अनुभवलंय का, पाहिलंय का? आणि मी काय करू? तक्रार करू नका असं त्याने हात जोडून सांगितलंय.

---

निशाचर९ | रवि., रात्री ९:५०

ताई तुमची कळकळ समजली, पण सरळ बोलतो. होस्टेलला तीनच्या आधी झोपतं कोण? मी चार वर्षं राहिलो, आमच्या मजल्यावर दोन वाजता मॅगी शिजायची. त्यात मोबाईल, त्यात सबमिशन, त्यात घर सुटलेलं. रूममेट नालायक आहेत हे मान्य, त्यांना झापलंच पाहिजे. पण झोपेचं कारण तेच आहे हे कशावरून? प्रत्येक गोष्ट जातीशी नेऊन जोडली की खरं कारण हातातून निसटतं असं मला वाटतं.

---

चाफेकळी | रवि., रात्री १०:०२

निशाचर, जागायला आवडतं म्हणून जागणं आणि झोपायचंय पण लागत नाही हे एकच आहे का?

---

गोदाकाठ | रवि., रात्री १०:१०

वाचतेय. लिहीन नंतर.

---

सातपुडा_वरून | सोम., रात्री २:१०

केशरमाती ताई, तुमच्या त्या पोराने भिंतीकडे तोंड करून पडायचं जे सांगितलं ना, ते वाचून मी अर्धा तास मोबाईल बाजूला ठेवून बसलो होतो.

मी भिल्ल आहे. आता चाळिशी आली, सरकारी नोकरी आहे, दोन मुलं आहेत. निशाचरभाऊंना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून घ्या, कारण मी दोन्ही होस्टेलला राहिलोय. अकरावी-बारावी आदिवासी विकास खात्याच्या वसतिगृहात काढली. एका हॉलमध्ये आम्ही वीस पोरं, पत्रे तापायचे, डास, कुणीतरी रात्रभर खोकतंय, कुणी झोपेत ओरडतंय, कोपऱ्यात कुणीतरी रेडिओवर गाणी लावलेली. आणि मी दगडासारखा झोपायचो. मग डिग्रीला शहरात आलो, दोघांची रूम, पंखा, गादी, खिडकीत झाड. आणि त्या रूममध्ये दोन वर्षं मला धड झोप लागली नाही. आता आवाजामुळे, गर्दीमुळे झोप जाते असं असतं तर हे उलटं व्हायला हवं होतं ना?

काय होतं तिथे? कुणी मारलं नाही मला. पहिल्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर ॲडमिशनची यादी लागली, नावासमोर कॅटेगरी छापलेली. त्यानंतर "तुझा रँक किती होता रे" हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारायचं. त्याचा अर्थ रँक हा नसतोच हे ज्यांना विचारलाय त्यांना माहीत आहे. रूममेट त्याचा ग्लास कपाटात कुलपात ठेवायचा. त्याचे मित्र आले की मी बाहेर जिन्यावर जाऊन बसायचो, त्यांनी जा म्हटलेलं नसायचं, पण गप्पा थांबायच्या. रात्री पलंगावर पडलं की दिवसभरातलं एकेक परत सुरू. तो हसला ते माझ्यावरच का? सर मला बघून असं का म्हणाले? तेव्हा हे उत्तर द्यायला हवं होतं. तीन-तीन वेळा तेच वाक्य मनात बोलून बघायचो.

आमच्याकडे पीक आलं की शेतात मचाणावर राखणीला जावं लागतं. तिथे माणूस झोपतो पण एक कान जागा असतो, रानडुकराने पाला हलवला तरी डोळे उघडतात. मला त्या रूमवर दोन वर्षं तशी राखणीची झोप होती. अंग पडलेलं असायचं एवढंच.

---

चाफेकळी | सोम., सकाळी ७:३०

राखणीची झोप. यापेक्षा नेमका शब्द नाही सापडणार. दादा, रात्री दोनला लिहिलंत, आता झोप कशी आहे तुमची?

---

सातपुडा_वरून | सोम., सकाळी ८:०५

आता बरी आहे ताई. काल हे वाचून गेली तेवढीच.

---

शांतरस | सोम., दुपारी २:४०

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, कॉलेजची मुलं बरीच येतात माझ्याकडे. त्यातली बहुतेक "झोप येत नाही, गोळी द्या" म्हणून येतात. भेदभाव होतोय म्हणून पहिल्या भेटीत कुणी सांगत नाही, तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघतं.

सातपुडा यांनी लिहिलंय तेच आमच्या शास्त्रात वेगळ्या भाषेत आहे. झोप म्हणजे पहारा सोडणं. संध्याकाळनंतर शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरत जातं, नाडी मंदावते, शरीराचं तापमान थोडं घसरतं, आणि मेंदूला खात्री पटते की आता काही होणार नाही. ही खात्री नसेल तर यंत्रणा ढिली पडत नाही. आणि यासाठी समोर काठी घेऊन कुणी उभं असायची गरज नाही. आपल्याबद्दल काय बोलतील, उद्या परत काय ऐकावं लागेल, एवढा अंदाजही पुरतो. मनात परत परत तेच घोळवणं हा त्यातला मोठा दुवा आहे. त्या मुलाला लोक बोलले नाहीत तरी तीन वाजतात, ते यामुळेच, मेंदूने त्या पलंगाशी जागं राहणं जोडून टाकलंय.

निशाचर यांचा प्रश्न चुकीचा नाही, संशोधकांनीही तोच विचारलाय. सॅन दिएगोच्या एका गटाने २००६ मध्ये काळ्या आणि गोऱ्या अमेरिकन लोकांना प्रयोगशाळेत झोपवून डोक्याला इलेक्ट्रोड लावून झोप मोजली. ज्यांनी वांशिक भेदभाव जास्त सोसलाय असं सांगितलं, त्यांच्यात सगळ्यात गाढ टप्प्याची झोप कमी आढळली आणि थकवा जास्त. म्हणजे घड्याळात तास भरले तरी झोपेचा कस उतरतो. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात जास्त असते आणि शरीराची दुरुस्ती बरीचशी तेव्हा होते.

दुसरं, मुलांना रोज डायरी भरायला लावून आणि मनगटावर हालचाल मोजणारं घड्याळ बांधूनही अभ्यास झालेत. न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठातल्या टिफनी यिप यांचं यात बरंच काम आहे. त्यांच्या गटाला दिसलेली एक गोष्ट मी पालकांना नेहमी सांगतो: आदल्या रात्री चांगली झोप झालेली असेल तर दुसऱ्या दिवशी अपमान झाला तरी मुलं मित्रांशी बोलतात, काहीतरी मार्ग काढतात. झोप झाली नसेल तर एकटीच कुढत बसण्याकडे कल जातो. म्हणजे अपमानाने झोप जाते, आणि झोप गेली की पुढचा अपमान पचवायची ताकद जाते. हे चक्र आहे.

---

निशाचर९ | सोम., दुपारी ३:१५

डॉक्टर, धन्यवाद, हे माहीत नव्हतं. तरी एक राहतंच. हे आपणच सांगायचं ना की माझ्याशी भेदभाव झाला? ज्याची झोप उडालीय, चिडचिड वाढलीय, त्याला साधं बोलणंही टोचत असेल. उलटंही असू शकतं.

---

शांतरस | सोम., रात्री ८:२०

असू शकतं, आणि काही प्रमाणात असतंही. म्हणूनच रोजच्या रोज मोजतात, म्हणजे आधी काय आणि नंतर काय ते दिसतं. शिवाय यात वापरतात ती प्रश्नावली "तुमच्यावर अन्याय होतो का" असं विचारत नाही. डेव्हिड विल्यम्स यांची १९९७ ची ९ प्रश्नांची यादी आहे, त्यात साधं विचारतात: लोक तुमच्याशी इतरांपेक्षा कमी सौजन्याने वागतात का, तुम्ही हुशार नाही असं समजून वागतात का, तुम्हाला घाबरल्यासारखं करतात का, आणि हे किती वेळा होतं. रोज, आठवड्यातून एकदा, वर्षातून काही वेळा. सातपुडांचा ग्लास आणि कुलूप त्यात बरोबर बसतात.

---

दवबिंदू | सोम., रात्री ८:५५

मी पुण्यात एमएस्सी केलं तेव्हा माझी रूममेट मणिपूरची होती. तिला रस्त्यावर काय काय हाका मारायचे ते इथे लिहीत नाही. ती हसून सोडून द्यायची म्हणून मला वाटायचं तिला काही वाटत नाही. २०२० च्या मार्चमध्ये कोरोना आला आणि तिला लोक "कोरोना" म्हणून ओरडायला लागले, एकदा भाजी आणायला गेली तर बाईने हाताला स्पर्श नको म्हणून पैसे खाली ठेवायला लावले. त्या महिन्यात ती खोलीच्या दाराला आतून खुर्ची लावून झोपायची. मी तिथेच, दोन फुटांवर. मला विचारायची, दार लावलंस ना? मी हो म्हणायचे. मग ती उठून स्वतः बघायची. रात्रीतून तीनदा.

२०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानियाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांना होणारा त्रास बघायला बेझबरुआ समिती नेमली गेली, हे मला तिनेच सांगितलं होतं. तिला ती तारीख पाठ होती. माझ्या ते गावीही नव्हतं. असं पाठ असणं म्हणजे काय हे मला आता कळतंय.

---

अवांतर_बंड्या | सोम., रात्री ९:३०

आमच्या रूमवर एक जण इतका घोरायचा की शेजारच्या रूमवाले भिंतीवर ठोकायचे आणि तो झोपेतच "कोण आहे, आत या" म्हणायचा. पण त्या खोलीत सगळे झोपायचो हां. सातपुडादादा म्हणतात ते पटलं, आवाजाचं काही नसतं.

---

कोकणचा_पाहुणा | सोम., रात्री ११:४०

मी कोकणातला मुसलमान, घरी बोलतो ती कोकणी-मराठी, शाळा मराठी माध्यम. शहरात कॉलेजच्या होस्टेलला नंबर लागला नाही म्हणून रूम शोधायला लागलो. फोनवर बोलणं झालं की सगळे या म्हणायचे, नाव सांगितलं की "विचारून सांगतो". अकरा ठिकाणी असं झालं. मी मोजले होते. शेवटी वर्गातल्या एका मित्राने त्याच्या नावावर रूम घेतली आणि मी "त्याचा गाववाला" म्हणून राहिलो. मालकांना मी एक मराठी नाव सांगितलं.

मग काय, आठ महिने जिन्यात चपलेचा आवाज आला की जाग यायची. मालक पाणी सोडायला पहाटे पाचला यायचे, मी साडेचारलाच उठून बसायचो. घरून आईचा फोन आला तर मी ब्लँकेटमध्ये डोकं घालून बोलायचो, तोंडातून सलाम निघेल म्हणून. एकदा झोपेत काहीतरी बोललो असं मित्र म्हणाला, तेव्हापासून मी पोटावर झोपायला लागलो. मालक वाईट नव्हते. गणपतीला मोदक आणून दिले होते मला त्यांनी. त्यामुळे अजूनच झोप जायची.

---

जुनी_वही | मंगळ., सकाळी ६:५०

कोकणचा पाहुणा, तुमचं वाचून अंगावर आलं, कारण हे शंभर वर्षांपूर्वी घडलेलं आहे. बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानात नोकरीला गेले तेव्हा त्यांना राहायला कुठे जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. वरच्या मजल्यावर एकटेच, आजूबाजूला अडगळ, रात्री उजेड नाही. पुस्तक वाचून तो एकांत विसरायचा प्रयत्न करायचे असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले लोक आले आणि बाहेर काढलं. जगातल्या मोठ्या विद्यापीठात शिकलेला माणूस, आणि डोकं टेकायला खोटं नाव लागलं.

तुमचेही अकरा मालक. आकडा बघून थबकलो.

---

गोदाकाठ | मंगळ., सकाळी १०:२०

परवा लिहीन म्हटलं होतं. माझा भाचा तीन वर्षांपूर्वी कॉलेज सोडून आला. कारण सगळ्यांनी सांगितलं "अभ्यास झेपला नाही". आता हा धागा वाचून त्याला विचारलं, रात्री झोपायचास का तिथे. तो म्हणाला, मावशी, हे मला पहिल्यांदा कुणी विचारलं.

---

साधा_माणूस७१ | मंगळ., दुपारी १२:०५

मी ओपनमधला, बापाची दीड एकर कोरडवाहू. शिकताना रात्री एटीएमवर वॉचमनची ड्युटी केली, मेसचे पैसे थकले म्हणून दोन महिने एक वेळ जेवलो. झोप मलाही नव्हती. त्यामुळे हा प्रश्न गरिबीचा आहे, जातीचा-धर्माचा कमी, असं माझं प्रामाणिक मत. राग मानू नये.

---

सातपुडा_वरून | मंगळ., दुपारी १:३०

राग कशाला भाऊ. तुम्ही भोगलंय, ते खोटं कोण म्हणेल. आमच्यातल्या बहुतेकांना तर दोन्ही असतं. स्कॉलरशिप वर्षाच्या शेवटी जमा होते, तोपर्यंत कॉलेजचा क्लार्क वर्गात येऊन फी बाकी असलेल्यांची नावं वाचतो, राहण्या-जेवणासाठीच्या स्वयं योजनेचे पैसे कधी येतील माहीत नाही, जात वैधता प्रमाणपत्राची फाईल समितीकडे पडलेली. त्यानेही रात्र जाते. मीही त्या काळात टायपिंगची कामं केली रात्री.

पण फरक सांगतो. नोकरी लागली, पैसा आला, तेव्हा ती पैशाची जाग संपली. ही दुसरी जाग संपली नाही. पहिल्या पगारात स्वतःची खोली घेतली भाड्याने, तिथे एकटा झोपलो तरी ट्रेनिंगला गेलो आणि दोघांची रूम मिळाली की परत भिंतीकडे तोंड. तुम्ही एटीएमवर जागलात ते कामासाठी, सुट्टीच्या दिवशी झोपला असाल ना गाढ?

---

साधा_माणूस७१ | मंगळ., दुपारी १:५२

झोपायचो. मेल्यासारखा. बरोबर आहे तुमचं, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

---

शुभ्रकमळ | मंगळ., संध्या. ६:१५

केशरमाती, तुमच्या मूळ प्रश्नावर येते. त्या मुलाला झोपेची स्वच्छता शिकवा. ठरलेली वेळ, झोपण्याआधी तासभर मोबाईल बंद, दुपारनंतर चहा-कॉफी नाही, पलंगावर फक्त झोपायचं, वीस मिनिटांत झोप नाही आली तर उठून दुसरीकडे बसायचं. मला खूप फायदा झाला होता.

---

दवबिंदू | मंगळ., संध्या. ६:४०

उठून दुसरीकडे कुठे बसणार तो? होस्टेलच्या रूममध्ये पलंग, टेबल आणि कपाट असतं. टेबल त्याच्या वाट्याला आलंय का तेही माहीत नाही.

---

शांतरस | मंगळ., रात्री ९:१०

शुभ्रकमळ यांनी सांगितलेलं चुकीचं नाही. निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच वर्तनावर आधारित पद्धत वापरावी अशी अमेरिकेतल्या फिजिशियन संघटनेची २०१६ पासून शिफारस आहे, मीही तेच करतो. चहा-कॉफीचं तर नक्की पाळावं, कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, आणि ही मुलं दिवसा जागं राहायला चहावर चहा पितात. दुपारची लांब झोपही टाळावी. कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोळी आणून घेऊ नये, हे मात्र कडक सांगतो.

पण ही पद्धत एक गोष्ट गृहीत धरते, की खोली सुरक्षित आहे आणि भीती मनात आहे. इथे भीती खरी आहे. ज्या खोलीत खरोखरच त्याच्याबद्दल बोललं जातंय तिथे त्याला "विचार सोडून दे, श्वासावर लक्ष दे" सांगणं म्हणजे मचाणावरच्या माणसाला डुकरं आलेली असताना डोळे मीट म्हणण्यासारखं आहे. आधी खोलीचं बघा, मग श्वासाचं.

आणि ताई, एक साधी चाचपणी. पिट्सबर्गची १९८९ ची १९ प्रश्नांची झोपेची प्रश्नावली असते, गेल्या महिन्याबद्दल विचारतात, गुण ० ते २१, ५ च्या वर गेले तर झोप बिघडलेली धरतात. कॉलेजच्या समुपदेशकाकडून भरून घेता येईल. जीव नकोसा झाल्यासारखं काही बोलला तर मात्र थांबू नका. टेलि-मानस १४४१६ हा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

---

जुनी_वही | मंगळ., रात्री १०:३०

शांतरस, शेवटचं लिहिलंत ते बरं केलंत. हैदराबाद विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ ला आत्महत्या केली, त्याआधी त्याला आणि आणखी चौघांना होस्टेलमधून काढलं होतं, ऐन जानेवारीत ती मुलं कॅम्पसमध्ये उघड्यावर झोपत होती. डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला मुंबईत गेली. जळगावकडची, आदिवासी घरातली, गायनॅकचं एमडी करत होती. तिच्या गादीला सीनियर पाय पुसायच्या, असा तिच्या घरच्यांचा आरोप आहे, खटला चालू आहे म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही. पण दोन्हीकडे बातमी वाचताना माझ्या मनात अंथरूण राहिलं. माणसाचं अंथरूण काढून घेणं ही शिक्षा आपल्याकडे जुनी आहे.

---

चाफेकळी | मंगळ., रात्री १०:४५

🙏

---

निशाचर९ | मंगळ., रात्री ११:२०

ताई, मग एकच करा ना. त्या मुलाला आदिवासी मुलांच्या रूममध्ये हलवा. सातपुडादादांनीच सांगितलं की आपल्या लोकांत ते झोपायचे.

---

जुनी_वही | बुध., सकाळी ७:००

याला माझा विरोध. दिल्लीच्या एम्समध्ये काय चाललंय ते बघायला सुखदेव थोरात समिती नेमली होती, २००७ मध्ये अहवाल आला. त्यात हेच निघालं की दलित-आदिवासी मुलं त्रासाला कंटाळून होस्टेलच्या वरच्या मजल्यांवर एकत्र गेली होती. म्हणजे त्रास देणारे आपापल्या खोल्यांत निवांत आणि ज्यांना त्रास झाला ते सामान उचलून वर. गावाबाहेरची वस्ती जिना चढून वर गेली. तुम्ही त्या मुलाला हलवलंत तर बाकी दोघांना काय कळणार? की असं वागलं की रूम मोठी होते.

---

सातपुडा_वरून | बुध., दुपारी १:१५

जुनी वही, तुमचं तत्त्व बरोबर आहे. पण त्या पोराला आज रात्री झोपायचंय. मी त्या काळात मुकाट्याने रूम बदलून आमच्या पोरांत गेलो असतो तर माझी दोन वर्षं वाचली असती, दोन विषय राहिले नसते. तत्त्वासाठी त्या रूममध्ये टिकून राहिलो असं मी लोकांना सांगतो, खरं तर मागायची हिंमत नव्हती.

हलवणं आणि हलायला लावणं यात फरक आहे. त्याला विचारा. तुझी इच्छा काय, तू जाणार की त्यांना काढायचं. हे त्याला कुणी विचारलंय का आजवर? यादीत नाव कुठे लावायचं ते नेहमी दुसऱ्यानेच ठरवलंय.

---

जुनी_वही | बुध., दुपारी २:०५

मान्य. त्याने ठरवायचं. मी घरात बसून बोललो, झोप माझी जात नाहीये.

---

शिक्षणवेडा | बुध., संध्या. ५:३०

कामाचं सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१२ च्या नियमांत प्रत्येक कॉलेजला समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी ठेवायला सांगितलंय. बऱ्याच ठिकाणी हे फक्त वेबसाईटवर असतं, पण नाव असेल तर त्या माणसाला लेखी पत्र देता येतं. मुलाचं नाव न घालताही तुम्ही शिक्षक म्हणून देऊ शकता: अमुक मजल्यावर कॅटेगरीवरून हाका मारल्या जातात, नोटीस बोर्डावर कॅटेगरीसकट यादी लावू नका, वगैरे. रूम रेक्टरच्या हातात असते, त्याला जाऊन भेटा. आणि सगळ्यात आधी, तुम्ही त्याला बॅचसमोर बोललात ना, मग चांगलंही बॅचसमोरच बोला. त्याचा एखादा ग्राफ छान आला असेल तर दाखवा सगळ्यांना. इथे आपलं कुणी आहे असं वाटणं याचा झोपेशी संबंध असतो असं मला वाटतं, डॉक्टर सांगतील.

---

शांतरस | बुध., रात्री ८:००

संबंध आहे. लॅटिनो आणि आशियाई वंशाच्या शाळकरी मुलांवरचा २०१६ चा अमेरिकेतला अभ्यास याच प्रश्नावर होता, ही शाळा माझी आहे ही भावना भेदभावापासून झोपेचं रक्षण करते का. करते असं दिसलं. त्यामुळे ग्राफ दाखवा, नक्की दाखवा.

---

केशरमाती | शुक्र., रात्री १०:२५ (सोळा दिवसांनी)

सगळ्यांचं वाचलं, काहींचं दोन-तीनदा. उशिरा लिहितेय कारण काही झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सातपुडादादा, तुमचा प्रश्न मी त्याला जसाच्या तसा विचारला. तू जाणार की त्यांना काढायचं? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, खिडकीजवळचा पलंग माझा आहे, मी पहिल्या दिवशी लवकर येऊन घेतला होता. मी नाही जात." मी रेक्टरसरांना भेटले. ते आधी म्हणाले पोरांची मस्ती असते, मी म्हटलं मस्ती दोन्हीकडून असते सर, हा हसताना दिसला का तुम्हाला कधी? त्या दोघांना वेगवेगळ्या मजल्यांवर पाठवलंय. एकाचे वडील भांडायला आले होते. समान संधी कक्षाला पत्र दिलंय, पोच घेतलीय, उत्तर नाही. नोटीस बोर्डावरच्या यादीतला कॅटेगरीचा कॉलम मात्र काढला.

बॅचसमोर मी त्याची माफी मागितली. म्हटलं, मी कारण न विचारता बोलले होते, ते चुकलं. ग्राफ नव्हता दाखवण्यासारखा, मग स्पेक्ट्रोमीटर लावायला त्याला पुढे बोलावलं, त्याच्यासारखी स्लिट (प्रकाश आत सोडणारी बारीक फट) कुणाला लावता येत नाही.

झोप लगेच आलेली नाही. पहिला आठवडा तीनच वाजत होते, आता एक-दीडपर्यंत आलंय म्हणतो. समुपदेशक बाईंकडे दोनदा गेला, प्रश्नावलीत १४ आले होते. अजून भिंतीकडे तोंड करूनच पडतो. नवा रूममेट लातूरकडचा आहे, अवांतर बंड्या, तुमच्या मित्रासारखाच, रेल्वे गेल्यासारखा घोरतो म्हणे. मी म्हटलं अरे मग बोलू का रेक्टरसरांशी परत? तर घाईघाईने म्हणाला, नको मॅडम, तो घोरायला लागला की मला कळतं तो झोपलाय, मग मी पण झोपतो.